गाडी उलाळ झाली

गेल्या जूनमध्ये, कोलोरॅडो संपून वायोमिंग सुरू होण्याच्या जरा अलीकडे, ताशी ६२ मैल वेगाने जात असताना माझं स्वयंपाकघर मला ओव्हरटेक करायला निघालं.

आधी डाव्या आरशात त्याची एक भिंत दिसली, मग उजव्या आरशात दुसरी, मग परत डावीकडची. पिकअपला मागे जोडलेला आमचा बावीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घरच, कुत्र्याच्या शेपटीसारखा हलत होता, आणि आता शेपूट कुत्र्याला हलवणार अशी चिन्हं होती. बायको किंचाळली, "अरे, काय करतोयस!" जणू मी हौसेनं नागमोडी चाललो होतो. मागच्या सीटवर दोन्ही नातवंडांच्या मध्ये आबा बसले होते. वय चौऱ्याहत्तर, मुक्काम सातारा जिल्हा, सहा महिन्यांसाठी लेकाकडे आलेले. ते शांतपणे म्हणाले, "उलाळ झालीया."

अशा वेळी पिकअपचा ब्रेक मारायचा नसतो, हे मला पाठ होतं. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, आणि हाताशी बसवलेल्या ब्रेक कंट्रोलरची कळ दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. म्हणजे तो मागून ताणला जाऊन सरळ येतो. पण पाठ असणं वेगळं आणि वेळेला आठवणं वेगळं. माझा हात आधी डॅशबोर्डवरच्या गणपतीकडे गेला, मग कंट्रोलरकडे. दोघांपैकी कुणी ऐकलं ते माहीत नाही, पण ट्रेलर वठणीवर आला.

हा ट्रेलर आम्ही दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतला. विकणारे गोरे आजोबा व्यवहार झाल्यावर इतके आनंदात होते, की त्यांनी पाण्याचे पाइप, चाकांखाली घालायचे पिवळे ठोकळे आणि मी न मागितलेली एक मिठी असं सगळं फुकट दिलं. त्या मिठीचा अर्थ मला पहिल्या पावसात कळला. आमचा विचार साधा होता. हॉटेलं महाग, बायकोला परक्या गाद्यांवर झोप लागत नाही, आणि चौथ्या दिवशी सगळ्यांनाच वरणभात हवा असतो. तर घरच मागे बांधून न्यावं. अमेरिकेतले बहुतेक असले ट्रेलर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परिसरात तयार होतात, आमचाही तिथलाच. पण घर ते घरच. रोज साठ मैलांच्या वेगाने भूकंप झाला तर कुठल्या घराच्या भिंती जाग्यावर राहतील? प्रत्येक प्रवासानंतर मला फरशीवर एक स्क्रू सापडतो. तो कुठून पडला हे आजवर एकदाही कळलेलं नाही. त्या स्क्रूंची आता माझ्याकडे एक बरणी आहे. आधी तिच्यात लिंबाचं लोणचं होतं.

दुरुस्त्या करता करता माणूस सुधारणांकडे वळतो, आणि तिथेच त्याचा घात होतो. ट्रेलरच्या मूळ बॅटऱ्या लेड-ॲसिडच्या. त्या अर्ध्याच्या खाली उतरवू नयेत म्हणतात. म्हणजे विकत दोन घ्यायच्या आणि वापरायची एक. (आमच्या शोकेसमधल्या काचेच्या भांड्यांचं हेच धोरण आहे.) मी त्या काढून शंभर अँपिअर-अवरच्या दोन लिथियम बॅटऱ्या बसवल्या. छतावर सोलर पॅनेल आली. मग २,००० वॅटचा इन्व्हर्टर आला. बारा व्होल्टवर दोन हजार वॅट ओढायचे म्हणजे दीडशेच्या वर अँपिअर, त्यासाठी अंगठ्याएवढ्या जाड केबल आल्या. हे सगळं कशासाठी? तर जिथे विजेची जोडणी नाही अशा रानातही मिक्सरवर ओल्या नारळाची चटणी करता यावी म्हणून. ती चटणी वाटीला किती डॉलरला पडली, हा हिशेब मी एकदा केला आणि तो कागद खाऊन टाकला.

आता गंमत अशी, की बॅटऱ्या ट्रेलरच्या अगदी पुढे, हिचच्या, म्हणजे ट्रेलर पिकअपला जोडायच्या सांध्याच्या, लगत बसतात. जुन्या दोन मिळून सव्वाशे पौंड होत्या, नव्या भरतात पन्नास-पंचावन्न. वजन घटलं म्हणून मी खूश. त्या खुशीत मागच्या टोकाला स्टँड लावून चार सायकली टांगल्या. आमचं स्वयंपाकघरही मागच्याच टोकाला. त्यात कणकेचं वीस पौंडी पोतं, तेवढेच तांदूळ, दोन कुकर आणि बायकोच्या भाषेत 'थोडंसं' सामान. वर पिण्याच्या पाण्याची चाळीस गॅलनची टाकी, तीही आमच्या ट्रेलरमध्ये चाकांच्या मागे, घरूनच काठोकाठ भरलेली. कारण बाहेरच्या पाण्याचा चहा होतो, पण लागत नाही. चाळीस गॅलन पाण्याचं वजन सव्वातीनशे पौंडांच्या वर जातं.

हायवेच्या कडेला थांबलो. वारा असा, की दार उघडायला दोघे लागले. आबा उतरले, टोपी हातात धरून ट्रेलरला एक फेरी मारली, हिचवर हात ठेवला.

"मागं काय भरलंय?"

मी यादी सांगितली. यादी संपेपर्यंत त्यांचा चेहरा बदलत गेला.

"आरं, गाडी भरायची येक रीत आसती. मागं जड झाली की धुरा वर उचलती, बैलांच्या गळ्याला फास बसतो. तिला उलाळ म्हंत्यात. फुडं जड झाली की बैलांची खांदं सुजत्यात. भार निम्म्याच्या जरासा फुडं पायजे. येवडं शिकाय अमेरिकेला यायला लागतं व्हय?"

मी इंजिनिअर आहे. हिचवरचा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावा, हे मी मॅन्युअलमध्ये वाचून पिवळ्या पेनानं अधोरेखित केलं होतं. फक्त तो कमी पडला की उलाळ होते, हे कुणी मराठीत सांगितलं नव्हतं.

पुढच्या ट्रक स्टॉपवर वजनकाटा होता. एकदा जोडून, एकदा सोडून गाडी चढवली आणि वजाबाकी केली. ट्रेलर ५,१२० पौंड, हिचवर भार फक्त ३३०. म्हणजे साडेसहा टक्केसुद्धा नाही. आबांनी पावती उलटसुलट करून पाहिली. त्यांचं आयुष्य साखर कारखान्याला ऊस घालण्यात गेलं आहे. "ह्यो काटा मारत न्हाय न्हवं?" एवढं विचारून घेतलं. मग ५,१२० पौंड म्हणजे किलोत किती ते विचारलं. मी म्हटलं, तेवीसशेच्या आसपास. "म्हंजे उसाची येक गाडी," ते म्हणाले आणि ट्रेलरकडे जरा आपुलकीनं बघायला लागले.

टाकीची तोटी उघडून डेन्व्हरचं चहायोग्य पाणी वायोमिंगच्या गवताला दिलं. पोती पुढच्या पलंगाखाली गेली, सायकली पिकअपमध्ये. भार ६४० वर आला. आता तेरा टक्क्यांच्या वर. त्यानंतर ट्रेलर गरीब गाईसारखा मागे येत राहिला.

तसे आबा मे महिन्यापासूनच ट्रेलरच्या पोटात शिरले होते. छताला एका कोपऱ्यात ओल दिसली, तर म्हणाले, "मिरगाच्या आदी कौलं चाळाय पायजेत." आमचं छप्पर रबराचं. झरोके आणि पाइप जिथे वर निघतात तिथल्या सांध्यांवर आपोआप पसरणारं सीलंट भरावं लागतं, आणि कोलोरॅडोचं ऊन नि गारा ते वर्षभरात तडकवतात. पाणी शिरतं एकीकडे आणि टपकतं भलतीकडे, त्यामुळे गळती शोधणं म्हणजे भाऊबंदकीत भांडण कुणी लावलं ते शोधण्यासारखं. मी शिडी आणून, हेडलँप लावून, मोबाइलवर व्हिडिओ पाहत होतो, तेवढ्यात आबा वर जाऊन पालथे झोपलेही होते. खाली शेजारीण फोन हातात घेऊन उभी. ९११ लावावा की नाही, या विचारात.

चाकांच्या बेअरिंगना वर्षातून एकदा नवं ग्रीस भरावं लागतं. तेही आम्ही दारातच केलं आणि घाईनं केलं, कारण आमच्या सोसायटीच्या नियमाप्रमाणे ट्रेलर दारात अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त दिसला तर पत्र येतं. पुण्यात असताना सोसायटीच्या पत्रांना मी कंटाळलो होतो. इथली पत्रं इंग्रजीत असतात, एवढाच फरक. आबांनी बाह्या वर करून ग्रीसमध्ये बोटं घातली, वास घेतला आणि म्हणाले, "आमच्या वंगणाला ह्येच्यापरास बरा वास व्हता."

आता काळ्या टाकीविषयी. जेवताना वाचत असाल तर हा परिच्छेद सोडा.

ट्रेलरला सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. बेसिन आणि अंघोळीचं पाणी करड्या टाकीत, उरलेलं काळ्या टाकीत. पहिल्या वर्षी एका कॅम्पग्राउंडवर थेट गटाराची जोडणी मिळाली. मी विचार केला, टाकी भरायचीच कशाला? पाइप लावला आणि काळ्या टाकीची झडप चार दिवस उघडीच ठेवली. पातळ होतं ते निघून गेलं. जे पातळ नव्हतं, ते बसलं, वाळलं, आणि त्यावर आणखी बसलं. आत एक मनोरा उभा राहिला. खरी रीत उलटी आहे: झडप बंद ठेवायची, टाकी बरीचशी भरू द्यायची, मग एकदम उघडायची म्हणजे लोंढ्याबरोबर सगळं जातं. पाठोपाठ करडी सोडायची, म्हणजे तिच्या साबणाच्या पाण्यानं पाइप धुतला जातो. हे मला नंतर कळलं. त्या वेळी उपाय एकच होता. टाकीत पाणी भरलं आणि घाटातल्या वळणावळणांनी अडीचशे मैल घुसळत घरी आणलं. त्यानंतर दोन महिने आमच्याकडे ताक कुणी मागितलं नाही.

आबांना ही सगळी यंत्रणा मी समजावली, तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. "गावात सरकारनं अनुदान दिऊन ह्ये घराभाईर बांधाय लावलं. आन तू ते गाडीला बांधून मुलूखभर फिरवतूस?"

संध्याकाळी आम्ही साउथ डकोटात ब्लॅक हिल्समधल्या कॅम्पग्राउंडवर पोचलो. सरळ घुसून सरळ निघता येईल अशा जागा सगळ्या गेलेल्या. आमच्या वाट्याला दोन पाइन वृक्षांमधली उभी खाच आली, जिथे ट्रेलर उलटा घालायचा होता.

ट्रेलर मागे घेताना ड्रायव्हरचा मेंदू आरशात बघून उलटा चालावा लागतो. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. यावर युक्ती अशी, की स्टिअरिंग खालून धरायचं आणि ट्रेलर जिकडे न्यायचा तिकडे हात न्यायचा. युक्ती नामी आहे. फक्त मागे बायको उभी नसावी.

"ये, ये, ये... डावीकडे घे!"

"माझ्या डावीकडे की तुझ्या?"

"झाडाच्या!"

सातव्या प्रयत्नात ट्रेलर आणि पिकअप काटकोनात अडकले. अकराव्यात नळाचा खांब थोडक्यात वाचला. एव्हाना आजूबाजूच्या घडीच्या खुर्च्या आमच्याकडे तोंड करून लागल्या होत्या, आणि एका बाईंनी विणकाम बाजूला ठेवलं होतं. मी खिडकीतून डोकं काढून विचारलं, "आबा, तुम्ही बैलगाडी मागं कशी घ्यायचात?"

"मागं कशाला घ्यायची? बैल सोडायची, आन चौघांनी ढकलायची."

मी डोकं आत घेतलं. तेवढ्यात शेजारच्या जागेवरून बियाण्याच्या कंपनीची टोपी घातलेले एक म्हातारे उठून आले. नेब्रास्काचे शेतकरी. मी करू का, असं विचारलं आणि माझ्या उत्तराआधी दार उघडलं. कोपर खिडकीवर, एका हातात स्टिअरिंग, आरशात एकदा बघून त्यांनी ट्रेलर त्या खाचेत असा घातला, जसा आपण टपालाच्या पेटीत लिफाफा टाकतो. दहाव्या वर्षापासून गवताचे आणि गुरांचे ट्रेलर मागे घेतोय, म्हणाले. विणकामवाल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी नव्हत्या.

मी उत्साहात ट्रेलर सोडवायला हिचकडे धावलो. खटका उघडला, आणि मग आठवलं, की चाकांना अडसर लावलेला नाही. पोटात गोळा आला. ट्रेलर मात्र तसूभर हलला नाही. वाकून पाहिलं, तर चारही चाकांना दगड लावून आबा माती झटकत होते. नेब्रास्काच्या आजोबांनी ते पाहिलं आणि मान डोलावली.

चहा झाला. म्हणजे दुसऱ्यांदा ठेवल्यावर झाला. पहिल्यांदा एसी, मायक्रोवेव्ह आणि इलेक्ट्रिक किटली एकदम चालू झाल्यामुळे खांबावरचा तीस अँपिअरचा ब्रेकर पडला. दोघे म्हातारे बाहेर खुर्च्या टाकून बसले होते. एकाला इंग्रजी येत नव्हतं, दुसऱ्याला मराठी, आणि तरीही ट्रेलरकडे बोट दाखवून दोघे मधूनमधून हसत होते. मला दुभाष्या म्हणून बोलावलं तेव्हा आजोबांचा प्रश्न तयार होता. तुझ्या वडिलांनी बराच माल ओढलेला दिसतो. काय ओढायचे?

"ऊस," आबा म्हणाले. "दीड-दोन टन. चाळीस सालं."

मी भाषांतर केलं. कुठल्या गाडीनं, त्यांनी विचारलं.

"दोन बैल. आन त्येला सांग, ब्रेक न्हवता."

मी तेही सांगितलं. आजोबांनी टोपी काढली, आबांकडे पाहिलं. मग माझ्या पिकअपकडे, तिच्या चार कॅमेऱ्यांकडे, ट्रेलरच्या चार चाकांवरच्या चार इलेक्ट्रिक ब्रेककडे आणि छतावरच्या सोलर पॅनेलकडे सावकाश नजर फिरवत शेवटी माझ्यापाशी आले.

"मग," त्यांनी फार मायेनं विचारलं, "तुझं असं कसं झालं?"

आबा मला म्हणाले, "काय म्हंतोय?"