रिमेक न पाहता मत कसं द्यावं

अमेरिकन अभिनेता बिल पुलमननं 2000 साली 'द व्हर्जिनियन', म्हणजे ओवेन विस्टरच्या काउबॉय नायकाच्या कादंबरीवरचा सिनेमा, टीव्हीसाठी पुन्हा काढला. दिग्दर्शक पुलमन स्वतःच, नायकही स्वतःच. असला रिमेक आला की आपल्यावर पहिली जबाबदारी येते ती मत देण्याची. पाहायचं नंतर बघू.

सुरुवात 'जुन्याची सर नाही'नं करावी. जुना कोणता, ते मात्र सांगत बसू नये, कारण जुने भरपूर आहेत. 1914 चा सेसिल डमिलचा मूकपट, 1929 चा गॅरी कूपरचा बोलपट, 1946 चा जोएल मक्रीचा रंगीत. कुणी खोदून विचारलंच, तर त्याचं वय बघून उत्तर द्या. पिकल्या केसांचा अमेरिकन असेल तर त्याचा 'मूळ' व्हर्जिनियन म्हणजे एनबीसी या टीव्ही वाहिनीवर 1962 ते 1971 चाललेली मालिका. इथे जरा जपून. कादंबरीतला ट्रॅम्पस हा पक्का खलनायक, शेवटी नायकाच्या गोळीला बळी पडणारा. मालिकेत मात्र डग मक्लुअरचा ट्रॅम्पस नायकाच्याच रँचवर, म्हणजे गुरांच्या मळ्यावर, कामाला, हसतमुख आणि घराघरांत लाडका. त्याच्यावर नऊ वर्षं जीव लावलेल्या माणसाला रिमेकमध्ये तो पुन्हा खलनायक झालेला दिसला, तर 'मूळ कथेची वाट लावली' असा ओरडा होणारच. तुम्हीही सूर मिसळा. पुलमन पुस्तकाला नेमका जिथे धरून राहिलाय, तिथेच त्याला पुस्तकाच्या नावानं झोडपता येतं. अशी संधी रोज मिळत नाही.

मग मॉली, कथेची नायिका. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या व्हर्माँटहून पश्चिमेकडच्या वायोमिंगला आलेली शिक्षिका. लग्न तोंडावर आलेलं असताना ट्रॅम्पस नायकाला बजावतो की सूर्यास्ताच्या आत गाव सोड. मॉली म्हणते, लढायला गेलास तर आपलं लग्न मोडलं. तो जातो, जिवंत परततो, आणि ही त्याच्या गळ्यात पडते. ती अडवते तेव्हा 'हल्लीच्या बायका घुसडल्यात' म्हणा, गळ्यात पडते तेव्हा 'एवढी शिकलेली, आणि हे?' म्हणा. दोन्ही गोष्टी ओवेन विस्टरनं 1902 सालीच लिहून ठेवल्यात, पण त्या बिचाऱ्याला मध्ये ओढू नका.

'सुंदर प्रेमकथा होती हो, राजकारण कशाला आणलं?' हे वाक्य तर पाठच करा. या सुंदर प्रेमकथेत नायक आपल्या जिवलग मित्राला, स्टीव्हला, गुरं चोरल्याबद्दल झाडाला लटकवतो, आणि हे कसं योग्यच होतं ते एक माजी न्यायाधीश मॉलीला बसवून समजावतात. मागे खरा इतिहास आहे. 1892 च्या एप्रिलमध्ये वायोमिंगच्या बड्या रँचमालकांनी टेक्सासहून भाडोत्री बंदूकवाले आणले, मारायच्या माणसांची यादीच तयार होती. दोघांना मारलं. पुढे शिक्षा एकालाही झाली नाही. विस्टरची सहानुभूती मालकांकडे होती. तेव्हा राजकारण नको असेल तर स्टीव्हला झाडावरून उतरवावं लागेल, आणि उतरवला की तुम्हीच म्हणणार, कथेत दम राहिला नाही.

एक गोष्ट बाहेर फुटू देऊ नका. कादंबरीची काही प्रकरणं आधी मासिकांत स्वतंत्र कथा म्हणून येऊन गेली होती, आणि पुस्तक निघून दोन वर्षं होत नाहीत तोच, 1904 मध्ये, खुद्द विस्टरनं साथीदार घेऊन त्याचं ब्रॉडवेसाठी नाटक केलं. म्हणजे रिमेकवाल्यांच्या रांगेत पहिला नंबर लेखकाचाच. हे कळलं तर पावित्र्याची सगळी हवाच जाईल.

एवढं करूनही एखादा म्हणेल, 'मला आवडला बुवा, डायन लेननं मॉलीचं काम छान केलंय.' त्याच्याशी भांडू नका. मायेनं विचारा, 'पुस्तक वाचलंय का?' नाही म्हणाला तर प्रश्नच मिटला. हो म्हणाला तर पुस्तकातल्या एमली कोंबडीचं विचारा. आई व्हायला आसुसलेली, दुसऱ्यांची पिल्लं सांभाळत फिरणारी ती कोंबडी. तिच्यावर अख्खं प्रकरण आहे. 'तिला पुरेसा न्याय मिळाला, असं वाटतं तुम्हाला?' एवढंच म्हणा आणि उठा.