पालापाचोळ्यातली अळिंबी ‘एका नजरेत’ ओळखता येत नाही

पाऊस लागला की नागपूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दरवर्षी एक यादी फिरू लागते: ‘जंगलातली अळिंबी एका नजरेत ओळखा’. यादीचं म्हणणं थोडक्यात असं. टोपीच्या रंगावरून जात कळते. बारकी अळिंबी म्हणजे मोठीचं पिल्लू. ॲपला फोटो दाखवला की नाव मिळतं. आणि चांदीचा चमचा काळा पडला नाही, वर किडेही लागलेले असले, तर बिनधास्त खा. सेमिनरी हिल्सवर किंवा गोरेवाड्याकडे सागाच्या ओल्या पानांत २ ते १५ मि.मी. टोपीच्या ज्या अळिंब्या दिसतात, त्यांना ही यादी लावली तर एकही मुद्दा टिकत नाही.

‘रंगावरून ओळखा.’

बारक्या अळिंबीचा रंग हा तिचा सगळ्यात बेभरवशाचा गुण. पाण्याने भिजलेली गडद तपकिरी टोपी ऊन लागताच मधूनच फिकट व्हायला लागते आणि दुपारपर्यंत वेगळीच जात वाटते. सुरुवात करायची ती देठाच्या बुडापासून. मॅरॅस्मिअस या पानांवर वाढणाऱ्या बारक्या अळिंब्यांच्या वंशात देठ बहुधा घोड्याच्या शेपटीच्या केसासारखा असतो: खाली काळा, चकचकीत, चिवट, टोपीजवळ फिका. अनेक जातींत बुडाशी कापसासारखे तंतू किंवा गादी न दिसता तो थेट पानाच्या शिरेत घुसलेला असतो. मायसेना या दुसऱ्या वंशातल्या काहींत बुडाशी छोटी चकती दिसते, तर काही अळिंब्यांत पांढरे तंतू दोन-तीन पानं एकमेकांना चिकटवून टाकतात. म्हणून अळिंबी उपटायची नाही. उपटली की नेमका हाच पुरावा पानात राहतो. ब्लेडने पानाचा ३-४ सें.मी. तुकडा तिच्यासकट कापा आणि पान सागाचं, तेंदूचं की बांबूचं तेही लिहा, कारण काही जाती ठरावीक पानांवरच येतात. (वनक्षेत्रातून काहीही उचलण्याआधी वन विभागाची परवानगी लागते.)

मग १० पटीच्या भिंगातून टोपीची खालची बाजू. तिथे पातळ पात्यांसारखे पडदे असतात. देठापर्यंत पोहोचणारे पडदे मोजा, मधले अर्धे पडदे वेगळे मोजा. पडदे देठाला चिकटलेत, की देठाभोवतीच्या कॉलरसारख्या कड्याला, हे पाहा. हे कडं फोटोत सहसा हरवतं.

‘बारकी म्हणजे अजून वाढायची.’

पाच मि.मी. टोपीची अळिंबी पूर्ण वयात आलेली असू शकते. शंका असेल तर बीजाणूंचा, म्हणजे पडद्यांतून गळणाऱ्या बियांसारख्या सूक्ष्म कणांचा, ठसा घ्या. तो बऱ्यापैकी जमला तर अळिंबी वयात आलेली आहे. देठ टोपीला लागून कापा, टोपी पडदे खाली करून स्वच्छ काचपट्टीवर ठेवा, टोपीच्या माथ्यावर पाण्याचा एक छोटा थेंब सोडा, वर वाटी उपडी घाला आणि ६ ते १२ तास हात लावू नका. थेंब विसरला तर बारकी टोपी पंख्याच्या वाऱ्याने तासाभरात सुकते आणि ठसा पडत नाही. थेंब मोठा झाला तर पाणी खाली उतरून बीजाणू वाहून जातात. काचपट्टी काळ्या आणि पांढऱ्या कागदावर आळीपाळीने धरा: मॅरॅस्मिअस, मायसेना, लेपिओटा या वंशांचा ठसा पांढरा किंवा जवळपास तसा, एन्टोलोमाचा गुलाबी, कोनोसायबीचा गंजासारखा, पॅरासोलाचा काळा. एवढ्याने संभाव्य नावांतली बरीच गळतात. ठसा न पडणं हा मात्र कशाचाच पुरावा नाही.

याच मुद्द्याला जोडून ‘ऊन पडलं की ती मरते’ असंही लिहिलेलं असतं. बऱ्याच मॅरॅस्मिअस सुकून सुरकुततात, पण पुन्हा भिजल्या की काही वेळात टोपी उघडते आणि बीजाणू पडू लागतात. वाळकी दिसली म्हणून फेकू नका, ओल्या टिपकागदावर ठेवून बघा.

‘ॲप नाव सांगतं.’

ॲप जवळचं चित्र शोधून देतं. मॅरॅस्मिअसच्या शेकडो जाती आहेत आणि त्यातल्या कित्येक सूक्ष्मदर्शकाशिवाय वेगळ्या होत नाहीत, तेव्हा ॲपने जातीचं नाव दिलं तरी नोंद वंशापर्यंतच करा. पुढे जायचं असेल तर टोपीच्या सालीचा पातळ काप ३ ते ५ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पाहा. मॅरॅस्मिअसच्या बऱ्याच जातींत झाडूसारख्या दाते असलेल्या पेशी दिसतात. बीजाणूंवर आयोडीनचं मेल्झर द्रावण घाला: अनेक मायसेनांचे बीजाणू निळसर-करडे होतात, मॅरॅस्मिअसचे होत नाहीत, लेपिओटाचे बहुतेकदा तांबूस-तपकिरी होतात. हायड्रॉक्साइड लावलेल्या कापावरच मेल्झर ओतलं की पांढरट गढूळ होतं आणि काही दिसत नाही, म्हणून प्रत्येक द्रावणाला नवा काप. मापं ठशातल्या बीजाणूंचीच घ्या, निदान २०. पडद्यातले कच्चे असू शकतात.

नमुना ठेवायचा तर प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, तिथे घाम सुटून संध्याकाळपर्यंत चिखल होतो. कागदी पाकीट सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. आपल्याकडच्या जुलैच्या दमट हवेत नुसतं टेबलावर वाळवलं तर त्यावर दुसरीच बुरशी चढते.

‘चमचा आणि किडे.’

चांदी गंधकाच्या संयुगांनी काळी पडते, उकडलेल्या अंड्यानेही पडते. जीवघेण्या अळिंब्यांतल्या अमॅनिटिन या विषाचा त्याच्याशी संबंध नाही, आणि ते शिजवून जातही नाही. अळ्या आणि गोगलगायी विषारी अळिंबीही खातात. पालापाचोळ्यातल्या बारक्या लेपिओटांपैकी काहींत हेच विष असतं. हाताळल्याने मात्र ते बाधत नाही, तेव्हा भिंगाखाली धरायला घाबरू नका. विदर्भात सात्या (वारुळाशी उगवणारी खाण्याची अळिंबी) खाणारी जाणती माणसं चमचा काढत नाहीत. वारुळाची जागा आणि जमिनीत खोल गेलेला मुळासारखा देठ बघतात. पानातल्या काडीएवढ्या अळिंबीत खाण्यासारखं तसंही काही नसतं.

तरी कुणी खाल्लीच, तर उलट्या-जुलाब ६ तासांनंतर सुरू होणं हे लवकर सुरू होण्यापेक्षा जास्त गंभीर लक्षण. मधे एक दिवस बरं वाटतं आणि मग यकृत बिघडतं, म्हणून बरं वाटण्याची वाट न बघता मेडिकल किंवा मेयो ही नागपूरची सरकारी रुग्णालयं गाठा, आणि उरलेली अळिंबी, शिजवलेली असली तरी, सोबत न्या.