ऑल्ट-कंट्रीत माणसं मोजू नका, रेकॉर्डी मोजा

मित्राने ऑल्ट-कंट्रीची, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण वळणाच्या कंट्री संगीताच्या बंडखोर, रॉककडे झुकलेल्या शाखेची, प्लेलिस्ट पाठवली आणि ‘बघ, कोणी राहिलंय का’ म्हणाला. राहिलेल्यांचं नंतर बघू, आधी जास्तीचे किती घुसलेत ते बघू. ईगल्स हा रॉक बँड कशाला? त्यांच्यावर भांडण्यात वेळ घालवत नाही, ते बाहेर. पण विल्को हा बँड सरसकट, गायक स्टीव्ह अर्ल आणि जॉनी कॅश सरसकट, हे मला पटत नाही.

माझं मत असं की या प्रकारात कलाकार बसवता येत नाही, त्याची एखादी रेकॉर्ड बसवता येते. बघायचं एवढंच: जुन्या कंट्रीचं ऋण त्या रेकॉर्डवर ऐकू येतं का, आणि त्या-त्या वेळच्या नॅशव्हिलच्या, म्हणजे व्यापारी कंट्रीच्या राजधानीच्या, धंद्याशी तिचं वाकडं आहे का. दोन्ही पाहिजे. नुसतं ऋण असेल तर ती जुन्या वळणाची कंट्री, नुसतं वाकडं असेल तर रॉक.

अंकल टुपेलो हा बँड घ्या. सेंट लुइसजवळ, इलिनॉयमधल्या बेलव्हिलची पोरं, पंक ऐकत वाढलेली. १९९० मध्ये त्यांची पहिली रेकॉर्ड आली, ‘नो डिप्रेशन’. त्या नावाचं गाणं कार्टर फॅमिली या जुन्या कंट्री गायक कुटुंबाने १९३६ मध्ये, मंदीच्या काळात, रेकॉर्ड केलेलं. बाजूला कर्कश गिटारी आणि गावातल्या कारखान्याची, दारूची गाणी. त्याच साली नॅशव्हिल गार्थ ब्रूक्स या गायकाच्या जोरावर स्टेडियमं भरायच्या तयारीला लागलं होतं. ऋणही आहे, वाकडंही आहे. पुढे १९९५ मध्ये याच नावाचं नियतकालिक सिएटलमधून निघालं. त्यांनी स्वतःलाच ‘ऑल्टरनेटिव्ह कंट्रीचं (म्हणजे जे काही असेल त्याचं) द्वैमासिक’ म्हणवून घेतलं होतं. संपादकांनाच खात्री नव्हती, तर आपण कशाला छातीठोक याद्या करायच्या?

१९९४ मध्ये अंकल टुपेलो फुटला आणि त्यातल्या जे फरार (Jay Farrar) आणि जेफ ट्वीडी या दोघांनी आपापले बँड काढले. फरारच्या सन व्होल्टची ‘ट्रेस’ निःसंशय आत. ट्वीडीच्या विल्कोची ‘ए. एम.’ही आत. ‘बीइंग देअर’ उंबरठ्यावर, पण घेऊ आत. १९९९ च्या ‘समरटीथ’मध्ये मात्र कीबोर्ड आणि पॉपचा थर एवढा की कंट्री शोधावी लागते. आणि ‘यांकी हॉटेल फॉक्सट्रॉट’? अफाट रेकॉर्ड, मला ती फार आवडते, पण बाहेर. रीप्राइजने ती नाकारली आणि नॉनसचने घेतली, दोन्ही वॉर्नरच्याच घरातल्या कंपन्या, हा किस्सा सगळे रंगवून सांगतात. पण ते भांडण रेकॉर्ड कंपनीशी होतं. नॅशव्हिलचा त्यात संबंध काय?

स्टीव्ह अर्लची ‘गिटार टाउन’ १९८६ मध्ये कंट्रीच्या तक्त्यावर पहिल्या क्रमांकावर गेली. म्हणजे तेव्हा तो घरातला जावई. तुरुंगवास आणि व्यसनमुक्तीनंतर १९९५ मध्ये त्याने ‘ट्रेन अ कमिन’ केली, ढोल नाहीत, भोवती गिटारवादक नॉर्मन ब्लेकसारखी जुनी खोडं. ती आत. माणूस तोच.

कॅशच्या बाबतीत ही कसोटी मलाच जरा टोचते. ‘तो तर खुद्द कंट्री आहे’ हे मलाही वाटतं. फॉल्सम तुरुंगातली १९६८ ची रेकॉर्ड कंट्रीच्या तक्त्यावर अव्वल होती, ती बाहेर. पण १९९४ मध्ये हिप-हॉप आणि मेटलवाल्या रिक रुबिन या निर्मात्याकडे जाऊन नुसत्या गिटारीवर गायलेली? नॅशव्हिलने त्याला तोवर अडगळीत टाकलं होतं. १९९८ मध्ये ग्रॅमी मिळाल्यावर ‘बिलबोर्ड’ या संगीत व्यवसायाच्या नियतकालिकात पानभर जाहिरात आली, नॅशव्हिलचे आभार मानणारी आणि कॅशचं मधलं बोट दाखवणारी. वाकडं असावं तर असं. आत.

गायिका जिलियन वेल्चवर काहींचा वेगळाच आक्षेप: ही लॉस एंजेलिसमध्ये वाढलेली बाई, हिने अ‍ॅपलाचियाच्या डोंगरातलं दुःख का गावं? कुमार गंधर्वांचं घराणं कुठलं यावर रात्र घालवणारी मंडळी आपल्याकडेही आहेत, त्यांना हा वाद ओळखीचा वाटेल. मला जन्मदाखला नको. तिची ‘रिव्हायव्हल’ ऐका आणि मग बोला.

आता राहिलेल्यांचं. मित्राच्या यादीत एकही कृष्णवर्णीय नाव नाही, आणि मी पाहिलेल्या बहुतेक याद्यांची हीच गत. बँजोचं मूळ आफ्रिकेतलं. ए. पी. कार्टर डोंगरात गाणी गोळा करत हिंडायचा तेव्हा चाली लक्षात ठेवायला लेस्ली रिडल हा काळा गिटारवादक सोबत असायचा. म्हणजे ज्या कार्टर फॅमिलीपासून आपण हिशेब सुरू करतो, तिच्याच वहीत हे ऋण आहे. म्हणून मी कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स या कृष्णवर्णीय बँडची २०१० ची ‘जेन्युइन निग्रो जिग’ आत घेतो. रिअनन गिडन्स आणि तिचे साथीदार जो थॉम्पसन या वृद्ध फिडलवादकाकडे बसून शिकले. नॅशव्हिलने जे सोयीस्करपणे पुसलं तेच त्यांनी वाजवलं, याहून मोठं वाकडं कोणतं?

‘ते लोकसंगीत झालं, ऑल्ट-कंट्री नव्हे’ असं कोणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच. त्याने मला एवढं सांगावं: अंकल टुपेलोने मार्च १९९२ मध्ये आर.ई.एम. या रॉक बँडच्या पीटर बककडे जाऊन पाच दिवसांत जी रेकॉर्ड केली, तीही निम्मी जुन्या गाण्यांचीच आणि बिनविजेच्या वाद्यांवरची. ती मग तुझ्या यादीत आत कशी?