कुणाकडून आलात?

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर आमच्या चर्चच्या मंडळीतली एक बहीण बाहेर कडुलिंबाखाली माझ्यासाठी थांबली होती. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. तिचा नवरा एका नगरपरिषदेत सफाई खात्यात होता. सव्वा वर्षापूर्वी गेला. कुटुंब निवृत्तिवेतन अजून सुरू झालेलं नाही. ती ऑफिसात गेली की कधी टेबल बदललेलं असतं, कधी साहेब रजेवर असतात, कधी एखादा कागद कमी निघतो. ती मला हळूच म्हणाली, "बाई, तुमची कुणाशी ओळख हाय का? कुणी मोठ्यानं एक फोन केला तर दोन दिवसांत काम होईल म्हनत्यात."

मी लगेच काही बोलू शकले नाही. मला पप्पा आठवले. तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

२०१२ पासून राज्यात शिक्षकभरती बंद झाली तेव्हा मी एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवत होते. संस्था म्हणायची, नेमणुकीला शिक्षण खात्याची मान्यता येईल, धीर धरा. पप्पांना धीर धरवेना. त्यांच्या ओळखीतल्या एकाने सांगितलं की अमुक साहेबांचं पत्र आणा, वरपर्यंत वजन आहे त्यांचं. मग आमच्या शनिवारच्या फेऱ्या सुरू झाल्या. साहेबांच्या बंगल्याच्या पोर्चमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असायच्या. सकाळी आठपासून माणसं येऊन बसलेली. आत जायच्या दारापाशी एक मुलगा उभा असे आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत असे : "कुणाकडून आलात?"

नाव काय, काम काय, हे नंतर. आधी कुणाकडून. पप्पा एसटीत तीस वर्षं मेकॅनिक होते, आयुष्यात कुणाचा एक रुपया बुडवला नाही की कुणापुढे मान खाली घातली नाही. पण त्या दारात ते त्या ओळखीच्या माणसाचं नाव घ्यायचे तेव्हा त्यांचा आवाज बारीक व्हायचा. मी शेजारीच उभी असायचे. तो आवाज मी विसरलेले नाही.

पाचव्या की सहाव्या शनिवारी पत्र मिळालं. जाड कागद, वर सोनेरी मुद्रा, खाली हिरव्या शाईची सही. "सदर उमेदवार माझ्या परिचयाच्या असून त्यांच्या प्रस्तावावर योग्य ती कार्यवाही व्हावी." त्या साहेबांनी मला दोन मिनिटंही पाहिलं नव्हतं, पण मी त्यांच्या परिचयाची झाले होते. घरी आल्यावर पप्पांनी पत्राची घडी घातली आणि आपल्या बायबलच्या चेनच्या कव्हरमध्ये ठेवली. रोज रात्री कौटुंबिक उपासनेला ते चेन उघडायचे, आधी पत्र बाजूला काढून ठेवायचे, मग शास्त्रपाठ वाचायचे. वाचून झालं की पत्र पुन्हा आत. दोन वर्षं हे असं चाललं. मान्यतेचं काम जिथे होतं तिथेच राहिलं.

२०१४ च्या निवडणुकीत ते साहेब पडले. दिवाळीनंतर पप्पा पत्र घेऊन पुन्हा ऑफिसात गेले. तिथल्या माणसाने सही पाहिली आणि कागद परत केला, "बाबा, हे आता घरीच ठेवा." एवढंच. तो काही उद्धटपणे बोलला नव्हता. पण पप्पा घरी आले ते कॉटवर भिंतीकडे तोंड करून झोपले, रात्री जेवलेही नाहीत. त्या दिवशी माझ्या नोकरीचं जे झालं त्याहून मला पप्पांचं जास्त वाटलं. त्यांनी आपला सगळा भार त्या एका सहीवर टाकला होता.

स्तोत्रसंहितेतलं १४६ वं स्तोत्र आम्ही लहानपणापासून म्हणत आलोय. अधिपतींवर भरवसा ठेवू नका, कारण माणसाचा श्वास जातो, तो मातीला मिळतो आणि त्याच दिवशी त्याचे सगळे बेत संपतात. मला हे नेहमी मरणाविषयीचं वाटायचं. पण श्वास जायचीही गरज नसते. एक मतमोजणी पुरते, एक बदली पुरते. कधीकधी नुसता विसर पुरतो. योसेफाचंच बघा. तुरुंगात त्याने फारोच्या, म्हणजे मिसरच्या राजाच्या, प्यालेबरदाराला (राजाला पेय देणाऱ्या सेवकाला) स्वप्नाचा अर्थ सांगितला आणि विनंती केली की तू सुटशील तेव्हा माझी आठवण ठेव, राजाजवळ माझा विषय काढ. आपल्या भाषेत सांगायचं तर त्याने शब्द टाकायला सांगितलं. प्यालेबरदार सुटला, पुन्हा कामावर रुजू झाला आणि योसेफाला विसरला. पुढे पूर्ण दोन वर्षं योसेफ आतच. त्या माणसाने वाईट चिंतलं नव्हतं, त्याला फक्त आठवण राहिली नाही.

आता यावर कुणी म्हणेल, मग काय, कुणाची मदतच घ्यायची नाही का? हा प्रश्न मलाही बरीच वर्षं छळत होता. त्याचं उत्तर मला एज्रा आणि नहेम्या यांच्या पुस्तकांत मिळालं. दोघेही पर्शियाच्या अर्तहशश्त राजाच्या दरबारातून यरुशलेमेला निघालेले. एज्राने राजाकडे शिपाई आणि घोडेस्वार मागितले नाहीत. त्याला लाज वाटली, कारण आमच्या देवाचा हात आमच्यावर आहे असं तो राजाला सांगून बसला होता. म्हणून उपास केला आणि तसाच निघाला. नहेम्याने मात्र राजाकडे अधिकाऱ्यांसाठी पत्रं मागितली, इमारतीच्या लाकडासाठी वेगळं पत्र मागितलं, सोबतीला सरदार आणि स्वार घेतले. पवित्र शास्त्र या दोघांपैकी एकालाही दोष देत नाही. नहेम्याकडेही पत्र होतं, पप्पांकडेही पत्र होतं. फरक इतकाच की राजाने विचारलं, तुला काय हवं, तेव्हा नहेम्याने तोंड उघडण्याआधी स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली. ते पत्र नसतं मिळालं तरी हा माणूस कोसळला नसता असं मला वाटतं.

आणि इथे मला पंडिता रमाबाईंविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्या महाराष्ट्रात मोठ्या माणसांचा आधार मिळणं आणि तो निघून जाणं हे दोन्ही त्यांच्याइतकं कुणी जवळून पाहिलं असेल असं वाटत नाही.

१८७० च्या दशकातल्या दुष्काळात या बाईंचे आईवडील गेले. भावाबरोबर पायी भटकत, अर्धपोटी, १८७८ मध्ये त्या कलकत्त्याला पोचल्या, आणि तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. उपाशी मुलगी काही महिन्यांत सभांची पाहुणी झाली. पुढे लग्न, दीड-दोन वर्षांत वैधव्य, कडेवर लहान मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा. १८८७ मध्ये बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी मंडळ स्थापन झालं आणि दहा वर्षं मदत द्यायचं ठरलं. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. (सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्याच पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या.)

सदनाच्या सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे होते, डॉ. भांडारकर होते. त्या काळच्या पुण्यात याहून वजनदार नावं कोणती? पण रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या तेव्हा दार उघडं असायचं आणि काही मुली आपणहून येऊन बसायच्या. बाहेर गदारोळ उठला, 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. दार लावून घ्यायला रमाबाई तयार नव्हत्या. १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मी रानडे-भांडारकरांना दोष देणार नाही. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील या शब्दावर ते आले होते, त्यांच्या बाजूने त्यांना फसवल्यासारखं वाटलं असेल. ती सज्जन माणसं होती. मला त्यातून दिसतं ते हेच की सज्जन आणि मोठ्या माणसालाही एका मर्यादेपुढे आपल्याबरोबर येता येत नाही. त्याला त्याचा समाज आहे, त्याची अडचण आहे.

सल्लागार गेले. बोस्टनची दहा वर्षंही १८९८ मध्ये संपणार होती. हिशेबी माणसाने अशा वेळी काम आवरतं घेतलं असतं. रमाबाईंनी काय केलं? १८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने हाडं निघालेल्या मुली घेऊन आल्या, एक-दोन नव्हे, शेकड्यांनी. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या माळावर घेतलेल्या शंभर एकरांत तंबू ठोकले. तेच मुक्ती मिशन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे दीड हजारांहून जास्त माणसं जेवत होती. दीड हजार ताटं, दोन वेळा. आपल्याकडे घरी दहा माणसं आली तर गॅसकडे बघून पोटात गोळा येतो.

१९०७ मध्ये त्यांनी आपली साक्ष लिहिली. इंग्लंडात अनाथाश्रम चालवणारे जॉर्ज म्यूलर, चीनमध्ये गेलेले मिशनरी हडसन टेलर यांची चरित्रं वाचून त्यांच्या मनात आलं होतं की या लोकांनी जसा फक्त देवावर भरवसा टाकला तसा भारतातही टाकता येईल का, असं त्या त्यात सांगतात. हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण तो प्रामाणिक आहे. इथे चालेल का? आमच्या दुष्काळात, आमच्या ऑफिसांत, आमच्या माळावर चालेल का? आणि त्या हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. अमेरिकेला पुन्हा गेल्या, पत्रं लिहिली, मदत मागितली. मुक्तीत मुली शेती करत होत्या, विणत होत्या, छापखाना चालवत होत्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मराठीत केलेलं बायबल याच मुलींनी खिळे जुळवून छापलं. मदत चारी बाजूंनी आली, पण त्यांनी भार कुणा एकावर टाकला नव्हता. म्हणून माणसं सोडून गेली तरी काम उभं राहिलं. आमच्या भगिनी मंडळाबरोबर मी केडगावला गेले होते. दौंडहून पुण्याकडे निघालं की पाटसनंतर थोड्या वेळात हे स्टेशन येतं. तिथल्या दगडी देवळात खाली बसून मी पप्पांच्या त्या हिरव्या सहीच्या पत्राचा विचार करत होते.

एक गोष्ट आपल्याच लोकांना, विश्वासणाऱ्यांना, कळवळून सांगायची आहे. साहेबांचे उंबरे झिजवणं सोडलं तरी ती सवय मनातून जात नाही. मग आपण देवालाही साहेब करून टाकतो. मोठ्या सभा घेणाऱ्या सेवकांकडे आपण चिठ्ठ्या पाठवतो, त्यांच्या प्रार्थनेला वजन आहे म्हणतो. वजन! तोच शब्द. जणू वरही एक दार आहे आणि तिथेही कुणी विचारणार आहे, कुणाकडून आलात. बंधूंनो, बहिणींनो, ज्याने डोक्यावरचे केस मोजलेत त्याच्यापुढे जायला तुम्हाला कुणाची चिठ्ठी लागत नाही. प्रभू येशूच्या नावाने आपण जातो, आणि ते नाव मोलकरणीलाही तितकंच मोकळं आहे जितकं बिशपसाहेबांना. एकमेकांसाठी प्रार्थना जरूर करा. पण स्वतःच्या प्रार्थनेला हलकं समजू नका.

माझ्या नोकरीचं पुढे काय झालं हे लोक विचारतातच. २०१७ ची शिक्षकभरतीची अभियोग्यता चाचणी दिली, थोडक्यात राहिले. २०२३ ला पुन्हा दिली. रात्री घरचं आवरून अकरा ते एक अभ्यास करायचे. २०२४ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाले. कृपा करून याला "बघा, देवावर भरवसा ठेवला आणि नोकरी लागली" असं समजू नका. पप्पा २०२१ मध्येच गेले. त्यांनी माझं नियुक्तिपत्र पाहिलं नाही. यादीत माझं नाव आलं नसतं तरी मी हेच लिहिलं असतं, कारण मला जे मिळालं ते त्या मधल्या वर्षांत मिळालं. निवडणुकीनंतर महिनाभराने पप्पांनी एका रात्री बायबलची चेन उघडली, पत्र काढलं आणि आईकडे दिलं. आईने ते चुलीत घातलं नाही की फाडलं नाही, रद्दीत ठेवलं. त्या रात्री पप्पांनी प्रार्थना केली ती आधीपेक्षा लहान होती. पण त्यांचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा होता, वर्कशॉपमध्ये हाक मारायचे तसा. शेवटच्या आजारपणातही तो तसाच राहिला.

त्या बहिणीला मी सांगितलं की माझी कुणाशी ओळख नाही. तिचा चेहरा उतरला. मग आम्ही तिथेच कडुलिंबाखाली उभ्या राहून प्रार्थना केली, आधी तिने, मग मी. नंतर पिशवीतले कागद बाकावर मांडले. मृत्यूचा दाखला आहे, वारसाचा दाखला आहे, पासबुकाची झेरॉक्स आहे. नादेय प्रमाणपत्र, म्हणजे काही येणं बाकी नसल्याचा दाखला, नाही, आणि आतापर्यंत दिलेल्या एकाही अर्जाची पोच तिच्याकडे नाही. कुणी घ्यायला सांगितलंच नव्हतं. काल संध्याकाळी ती घरी आली. आम्ही नवा अर्ज लिहिला, दोन प्रती केल्या, एका प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचाच हे तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. अर्जाखाली तिने सही केली. तिला सही करता येते हे मला माहीत नव्हतं. सावकाश, एकेक अक्षर, पूर्ण नाव.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. साडेदहाला आम्ही दोघी तिथे असू. तिच्यासाठी प्रार्थना करा.