उजवी लेन आपल्या बापाची

कळंबोली सोडून मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेला लागलात की आधी सगळ्यात उजवीकडची लेन पकडा आणि किवळे येईपर्यंत, म्हणजे चांगले 94 किलोमीटर, सोडू नका. ती ओव्हरटेकपुरती असते, पुढे निघालं की मधल्या लेनमध्ये परत यायचं असतं, असं म्हणणारे लोक आहेत. त्यांनी टोल भरला असेल, तर आपणही भरलाय. काटा 75 वर ठेवा. मागचा डिपर मारू लागला की आतला आरसा जरा छताकडे वळवा. त्रास संपला.

मागचे तुम्हीच असाल, तर पुढच्याच्या काचेवरचं 'आईचा आशीर्वाद' नीट वाचता येईल इतके जवळ जा. 100 च्या वेगात गाडी सेकंदाला 28 मीटर पळते. धोका दिसून पाय ब्रेकवर पोचेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे 42 मीटर गेले. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी 55-60. एकूण शंभरेक मीटर. तुमच्याकडे चार आहेत, पण तुमच्याकडे एबीएसही आहे! एबीएस असतं ते जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम न होता स्टिअरिंग वळावं म्हणून. उरलेले 96 मीटर ते कुठून आणणार, हे शोरूममध्ये विचारायचं राहूनच गेलं.

एवढं करूनही तो हलला नाही, तर डावीकडून काढा. मधल्या लेनमधल्या ट्रेलरच्या नाकासमोरून कट मारताना इंडिकेटर अजिबात देऊ नका, समोरच्याला सुगावा लागतो. इंडिकेटर राखून ठेवा पावसासाठी आणि भाताणच्या बोगद्यासाठी. तिथे चारही एकदम लावायचे. मग तुम्ही थांबलाय, बंद पडलाय की वळताय, हे मागच्याने कुंडली मांडून ओळखावं.

ट्रकवाल्या बंधूंसाठी खास बोरघाट. पुढचा ट्रक 20 ने चढतोय आणि तुम्ही 22 ने, म्हणजे ओव्हरटेक हा तुमचा जन्मसिद्ध हक्क झाला. दोन ट्रकांची लांबी आणि मागचंपुढचं अंतर धरून 60 मीटर जास्त कापायचे. तासाला दोन किलोमीटरच्या फरकाने त्याला पावणेदोन मिनिटं लागतात. तेवढ्यात साडेसहाशे मीटर घाट तुमच्या नावावर. शेजारच्याला बरोबरीत गाठलं की तिसऱ्या लेनमध्येही डोकावून बघा, कुणी निवांत जात असेल तर बरं दिसत नाही. उतरताना मात्र गाडी न्यूट्रल करा. डिझेल वाचतं म्हणतात. इंजिनाचा अटकाव गेला की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेकचे लायनर तापून वास सुटतो आणि मग पेडल नुसतंच खाली जातं. पण ते खोपोलीच्या आसपास, तोवर डिझेल वाचलेलं असतं.

कारवाल्यांनी टायरची हवा बघू नये. हवा कमी असली की टायरची बाजू दर फेऱ्याला जास्त वाकते आणि वाकून वाकून तापते. काँक्रीटवर भर दुपारी 130 ने पळवलीत तर फुटण्याला वेळ लागत नाही. फुटलाच, तर करकचून ब्रेक दाबा. स्टिअरिंग घट्ट धरून, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडून गाडी आपोआप मंदावू देणं वगैरे भित्र्यांचे प्रकार.

कॅमेऱ्यांची कमान दिसली की खाडकन 95 वर या, कमान गेली की पुन्हा 130. 2024 पासून दोन ठिकाणांमधला सरासरी वेगही मोजला जातो, त्यामुळे चलन तरीही घरी येईल. पण मागच्या सातआठ गाड्यांची झोप उडवल्याचं पुण्य कुठे जात नाही. आणि कशासाठी म्हणाल, तर घाट नाहीच असं समजून सगळा रस्ता 100 ऐवजी 120 ने कापलात तर जवळजवळ साडेनऊ मिनिटं वाचतात. फूड मॉलला वडापावच्या रांगेत उभं राहायला तेवढी पुरतात.

राहता राहिला लोणावळ्याचा फाटा. त्यासाठी आधीपासून डावीकडे यायचं नसतं. शेवटच्या पन्नास मीटरवर तीन लेन आडव्या कापायच्या. चुकलाच, तर कडेच्या शोल्डरवर घेऊन रिव्हर्स टाका आणि मागच्या सीटवरच्या काकांना खिडकीतून हात बाहेर काढायला सांगा. 80 ने येणारा कंटेनर हात दाखवला की थांबतो, अशी काकांची खात्री असते.