एक जिंकतो, बाकीच्यांचे फोन मला येतात

"सध्या काय बाई, तुमची चांदी आहे!"

हे वाक्य गेल्या वर्षभरात इतक्यांदा ऐकलंय की आता नुसती हसते. घरांचे भाव वाढले, कमिशन टक्क्यांवर, म्हणजे माझ्यासारख्या घरविक्रीच्या एजंटचा खिसा फुगला. कागदावर हे गणित बिनचूक आहे. सतरा वर्षं ह्या धंद्यात काढल्यावर ते प्रत्यक्षात कुठे फसतं, तेवढं आज लिहिते. लांबलंय, सवडीने वाचा.

गेल्या महिन्यातलं एक घर घ्या. शुक्रवारी संध्याकाळी जाहिरात पडली, सोमवारी सकाळी व्यवहार ठरला. मधले दोन दिवस जिन्यात रांग. वरची मंडळी उतरल्याशिवाय खालच्यांना चढता येईना. ऑफर आल्या अकरा, घर एक. म्हणजे दहा कुटुंबं हात हलवत परत गेली. त्या दहांच्या मागे दहा एजंट होते. त्यांनी कर्जाची कागदपत्रं जमवली, रात्री जागून आकडा ठरवायला मदत केली, नवऱ्याला एक घर आवडलं आणि बायकोला दुसरं, तर दोन्हीकडे पुन्हा चकरा मारल्या. त्या सगळ्याचा छदामही त्यांना मिळाला नाही. मी त्या दहांतली एक. आम्हाला पगार नसतो. व्यवहार झाला तर कमिशन, नाही झाला तर पेट्रोलही आपलंच.

आणि तेजी आली की आधी घरं वाढत नाहीत, एजंट वाढतात. इमारत उभी राहायला वर्षं जातात. एजंट व्हायला कुठे एक परीक्षा लागते, कुठे नुसती नोंदणी, कुठे तेवढंही नाही. काल जिममध्ये शिकवणारा मुलगा आज 'प्रॉपर्टी कन्सल्टंट' असतो. त्याला मी नावं ठेवत नाही, मीही अशाच एका तेजीत नोकरी सोडून आले होते. पण मग एकाच फ्लॅटची जाहिरात सहा जण टाकतात, त्यातल्या दोघांनी तो फ्लॅट पाहिलेलाही नसतो. काही जण विकून गेलेलं घर मुद्दाम जाहिरातीत ठेवतात, आमिष म्हणून. तुम्ही फोन केलात की "अहो, ते अर्ध्या तासापूर्वीच गेलं, पण दुसरं एक आहे बघा" सुरू. लोक चिडतात आणि पुढचा फोन मला करतात तेव्हा आधीच आवाज चढलेला असतो.

चांग-ताय श्ये आणि एन्रिको मोरेत्ती ह्या दोन अर्थतज्ज्ञांनी २००३ साली ह्याच, एजंट वाढण्याच्या गोष्टीवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या २८२ शहरी भागांचे १९८० आणि १९९० च्या जनगणनेचे आकडे त्यांनी ताडून पाहिले. कमिशनचा दर सगळीकडे जवळपास सारखा. घरं जिथे महाग, तिथे एजंट जास्त, प्रत्येकाच्या वाट्याला विक्री कमी, आणि कमाई शेवटी होती तेवढीच. वाढलेला पैसा नव्या माणसांत वाटला गेला. मला हे कुणी सतरा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. (सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं, हा भाग वेगळा.)

मग आमचा दिवस जातो कुठे? हरलेल्यांना सांभाळण्यात.

पहिलं घर हातचं गेलं की लोक शहाण्यासारखे वागतात. "जाऊ दे, नशिबात नव्हतं." दुसऱ्या वेळी पहिल्या घराची आठवण निघते, त्याची खिडकी, त्याची हवा, जणू तिथे दहा वर्षं राहून आलेत. तिसऱ्या वेळी दोष माझा असतो: "तुम्ही जोरच लावला नाहीत." चौथ्या वेळी गाडीत मागच्या सीटवर नवराबायकोचं जुंपतं. मी आरशातून बघत नाही. रस्त्याकडे बघत गाडी चालवते आणि घरी सोडल्यावर उगाच विचारते, उद्या किती वाजता निघूया?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: "समोरचा किती देतोय, ते सांगा ना." बंद पाकिटाच्या पद्धतीत मला ते माहीत नसतं. विकणाऱ्याच्या एजंटला माहीत असतं, तो फक्त "भरपूर ऑफर आहेत, तुमचा सगळ्यात चांगला आकडा द्या" म्हणतो. भरपूर म्हणजे दोन की वीस, हे त्याचं त्याला ठाऊक. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १ डिसेंबर २०२३ पासून नियम बदलला. विकणाऱ्याची तयारी असेल तर आता आलेल्या ऑफरमधले आकडे इतर इच्छुकांना सांगता येतात. त्याआधी एजंटला ते सांगायची मुभाच नव्हती. तयारी असेल तर, ही मेख आहे. अंधारात बोली वर जात असताना दिवा कोण लावेल? मी विकणाऱ्याच्या बाजूने असते तेव्हा मीही लावा म्हणून आग्रह धरत नाही.

आकड्याने जमेना की लोक भावनेवर येतात. मालकाला पत्र लिहायचं, आमचं कुटुंब असं, मुलं अशी, तुमच्या अंगणातलं झाड आम्ही जपू. अशी पत्रं वाचून मालकांचे डोळे पाणावलेले मी पाहिलेत. पण पत्रात कुटुंबाचा फोटो येतो, आडनाव येतं, देवाधर्माचा उल्लेख येतो, आणि मग निवड घराच्या किमतीवर झाली की माणसाच्या रंगावर, हे कुणी सांगू शकत नाही. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने म्हणून २०२१ मध्ये कायदा केला, की एजंटने अशी पत्रं मालकापर्यंत पोचवू नयेत. पुढच्याच वर्षी न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर त्याची अंमलबजावणी रोखली. मला दोन्ही बाजू पटतात, म्हणून मी पत्र लिहा असंही सांगत नाही आणि लिहू नका असंही नाही. पळवाट आहे, कबूल.

आता जिंकणाऱ्याचं. त्याचाही फोन येतो, बहुधा त्याच रात्री. "ताई, जास्त तर नाही ना दिले?" दिलेले असतात. अकरा जणांनी एकाच वस्तूची किंमत अंदाजाने लावली, तर घर त्याला मिळतं ज्याचा अंदाज सगळ्यात फुगलेला. १९७१ मध्ये एका तेलकंपनीतल्या तीन इंजिनिअरांनी मेक्सिकोच्या आखातातल्या तेलपट्ट्यांच्या, म्हणजे तेल काढायला लिलावात दिलेल्या समुद्रातल्या जागांच्या, बंद बोलींबद्दल हेच मांडलं होतं. पट्टा जिंकणाऱ्या कंपन्यांच्या पदरात अपेक्षेइतका नफा पडत नव्हता. त्यांच्याकडे भूगर्भतज्ज्ञ होते. माझ्या गिऱ्हाइकांकडे भावकीतला एक सल्ला देणारा असतो.

कॅनडातल्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांताने ३ जानेवारी २०२३ पासून घर घेणाऱ्याला कामकाजाचे तीन दिवस दिलेत, व्यवहारातून माघार घ्यायला. माघार घेतली तर किमतीचा पाव टक्का विकणाऱ्याला द्यायचा. चढाओढीत लोक घराची तपासणी न करताच सही करत होते, त्यावरचा हा उतारा. माझे काही व्यवहार त्यात नक्की मोडले असते. तरी मला तो नियम आवडतो. रात्री अकराचे फोन तरी थोडे निवांत झाले असते.

आणि आमच्या स्वार्थाचंही बोलू, नाहीतर ही पोस्ट नुसती रडगाणं होईल. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हरसन ह्यांनी शिकागोजवळच्या सुमारे एक लाख घरविक्री तपासल्या. २००८ साली त्यांनी छापलं, की एजंट स्वतःचं घर विकतो तेव्हा ते बाजारात साडेनऊ दिवस जास्त ठेवतो आणि ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतो. कारण साधं आहे. माझं कमिशन दोन टक्के धरा. आणखी आठवडाभर थांबून मालकाला शंभर जादा मिळाले, तर त्यातले माझे दोन. त्या दोनसाठी मी आणखी आठ चकरा का मारू? "आलीय ती ऑफर घेऊन टाका, उद्या कुणी सांगितलंय" हे मी किती वेळा बोललेय, मोजलं नाही. माझं स्वतःचं घर विकायला काढलं तेव्हा मात्र आलेल्या पहिल्या दोन ऑफर मी नाकारल्या. तेव्हा हा अभ्यास वाचलेला नव्हता. वाचला तेव्हा बराच वेळ गप्प बसले.

त्यानंतर मी एक गोष्ट करायला लागले, जी धंद्याच्या दृष्टीने मूर्खपणाची आहे. "थांबा" म्हणायला. अशाच एका जोडप्याला म्हटलं होतं. आठ महिने, पाच घरं, पाच वेळा हुकलेलं. दर वेळी आकडा वर चढत होता आणि दर वेळी तपासायची एकेक गोष्ट गळत होती. पाचव्या घरासाठी त्यांनी भिंतीवर हात ठेवूनसुद्धा पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, हप्ता तुमच्या आवाक्याबाहेर चाललाय, सहा महिने भाड्याने राहा, थोडं शांत होऊ दे. ते "बरं" म्हणाले. पंधरा दिवसांनी दुसऱ्या एका एजंटकडून सहावं घर घेतलं, पाचव्याला लावलेल्या आकड्यापेक्षाही वर जाऊन. मला किल्ल्यांचा फोटो पाठवला. त्यात टोचणी नव्हती, खरंच आनंदाने पाठवला होता. मी अंगठा दाखवला आणि फोन उलटा ठेवला.

परवा त्या बाईंचा फोन आला. बेडरूमच्या भिंतीला ओल आलीय, रंग पापुद्र्यासारखा निघतोय. त्यांचा एजंट फोन उचलत नाही. "तुम्ही रागावला नसाल तर, एखादा चांगला प्लंबर माहीत आहे का हो?"

माझा एक आहे, सांगितलेल्या वेळेला येतो. नंबर दिला, आणि त्याला आधी बाथरूमची बाजू उघडून बघायला सांगा म्हटलं, रंगवाल्याला नंतर बोलवा.