म्युनिकचा एम्ब्रियो आणि आपला फ्यूजनचा वाद

गणपतीत दादाचा पुण्याहून फोन आला, तोच तापलेल्या आवाजात. सोसायटीच्या कार्यक्रमात ड्रमसेट आणि इलेक्ट्रिक गिटारवर अभंग झाले होते. "अरे, तुकोबांची पार वाट लावली!" दादा तीस वर्षं तबला वाजवतोय, त्यामुळे त्याचं बोलणं मी झटकून टाकत नाही. घरच्या ग्रुपवर मात्र दोन तट पडले. एक म्हणतो ही भेसळ, दुसरा म्हणतो तरुण पोरं याशिवाय येणारच नाहीत.

मला दोन्ही पटत नाही, आणि त्याला कारण आहे इथला, म्युनिकचा एम्ब्रियो हा बँड. 1969 साली ख्रिस्तियान बुर्खार्ड आणि साथीदारांनी तो सुरू केला, जॅझ आणि रॉकपासून. 1978-79 मध्ये ही मंडळी बसमधून जमिनीच्या रस्त्याने निघाली आणि अफगाणिस्तानमार्गे थेट भारतात पोचली. जिथे मुक्काम, तिथल्या वादकांसोबत बसायचं, ऐकायचं, मग वाजवायचं. 1979 सरेपर्यंत इराणमध्ये क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि तो रस्ताच बंद झाला. त्याआधी, 1977 च्या त्यांच्या 'अपो-कॅलिप्सो' या अल्बमवर तबला आहे त्रिलोक गुर्टूंचा. म्हणजे आपल्या शोभाताई गुर्टूंचा मुलगा!

मिसळलं म्हणून काही बिघडत नाही. पेटी युरोपातूनच आली ना? आकाशवाणीने 1940 पासून तीसेक वर्षं तिला दाराबाहेर ठेवलं, आणि त्याच काळात आपलं नाट्यगीत तिच्या सुरावर उभं होतं. बिघडतं ते न बसता मिसळल्याने. दोन तालमी करायच्या, गिटारवाल्याला सम कुठे आहे ते कुणी सांगायचं नाही, आणि पोस्टरवर 'फ्यूजन' छापायचं. दादाचा खरा राग त्यावर आहे, असं मला वाटतं.

इथे सगळं छान आहे असंही नाही. 'वर्ल्ड म्युझिक' या एका खणात अर्धी दुनिया कोंबतात. बुर्खार्ड 2018 मध्ये गेले. आता त्यांची मुलगी मार्या बँड चालवते. मी तिला ऐकलं तेव्हा छोट्या हॉलमध्ये बहुतेक डोकी पिकलेली होती. चार काठ्या हातात घेऊन ती व्हायब्राफोन या वाद्याच्या धातूच्या पट्ट्यांवर वाकली होती, एक लय तिने इतकी हळूहळू उलगडली की माझ्या तोंडून "क्या बात है!" निघून गेलं. शेजारची बाई दचकून बघायला लागली. इथे दाद म्हणजे शेवटच्या टाळ्या. समेवर एकत्र हलणाऱ्या माना पुण्यातच. त्या माना असताना आपण नुसते भांडत बसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

दादाला 'अपो-कॅलिप्सो' पाठवली. दोन दिवसांनी निरोप आला, "तबला पुन्हा पुन्हा ऐकतोय. त्या गिटारवाल्या पोराला रविवारी घरी बोलावलंय."